जी वाइन गावाबाहेर पडत नाही

परदेशाहून भारतात परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सीमाशुल्क न भरता दोन लिटर मद्य आणता येते. फ्रान्सहून येताना त्या दोन लिटरांत काय बसवायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. बहुतेक जण हा प्रश्न शेवटच्या दिवशी, पॅरिसच्या विमानतळावर, विमानाची वेळ होत आलेली असताना सोडवतात. तिथे शँपेनची बडी नावे मांडलेली असतात, बोर्दोच्या सोनेरी अक्षरांच्या बाटल्या असतात. दोन उचलल्या की काम झाले. त्या वाइन वाईट नसतात. पण त्याच बाटल्या दुबईच्या विमानतळावर मिळतात, सिंगापूरला मिळतात आणि मुंबईच्या मोठ्या दुकानातही, चढ्या भावाने का होईना, मिळतात. त्यासाठी फ्रान्सला जाण्याची गरज नव्हती.

माझे म्हणणे सरळ आहे. आणायची तर अशी वाइन आणावी, जी तिथे गेल्याशिवाय हाती लागतच नाही. आणि ती अशी असावी, की आपल्याकडचा उन्हाळा आणि आपली पिण्याची संथ गत या दोन्हींत ती टिकेल.

दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे

लिलावात लाखोंना जाणाऱ्या बर्गंडीच्या बाटल्या दुर्मिळ मानल्या जातात. पण पैसे मोजायची तयारी असेल तर त्या लंडनला मिळतात, हाँगकाँगला मिळतात. खरी दुर्मिळ वाइन वेगळी. ती पंधरा-वीस युरोंची असेल, पण ती बनते थोडी आणि जी बनते ती आसपासच्या पंचक्रोशीतच संपते. बोर्दोच्या द्राक्षबागा गेल्या काही वर्षांपर्यंत एक लाख हेक्टरहून अधिक होत्या. याउलट पूर्व फ्रान्समधल्या शातो-शालों या गावाच्या नावाने वाइन विकण्याचा हक्क असलेल्या बागा पन्नास हेक्टरच्या आसपास आहेत. तिथला उत्पादक जगभर माल पाठवायचा म्हणेल तरी पाठवणार काय?

भारतात अशा वाइन न येण्याला आणखी एक कारण आहे. आयात वाइनवर आपल्याकडे अनेक वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. त्यावर प्रत्येक राज्याचे वेगळे कर आणि प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी. वर्षाला काही हजार बाटल्या काढणाऱ्या शेतकऱ्याच्या पन्नास-शंभर बाटल्यांसाठी एवढा खटाटोप करणे कोणत्याच आयातदाराला परवडत नाही. म्हणून तो मोठ्या घराण्यांचा, खात्रीने खपणारा माल आणतो. छोट्यांचा माल प्रवाशाच्या बॅगेतूनच येऊ शकतो.

ज्यूरा: सहा वर्षे तीन महिने

एकच बाटली आणायची असेल तर मी ज्यूरा प्रांतातली व्हँ जोन, म्हणजे तिथली पिवळी वाइन, आणायला सांगेन. बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधला हा डोंगराळ पट्टा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे वीस हजार हेक्टरांच्या घरात द्राक्षबागा होत्या. फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड आली, पाठोपाठ युद्धे आली आणि आता दोन हजार हेक्टरांच्या आसपासच उरल्या आहेत. इथलेच आर्ब्वा हे लुई पाश्चर यांचे गाव. किण्वन घडवणारे सूक्ष्मजीव बाहेरून द्राक्षांवर येतात, हे दाखवण्यासाठी त्यांनी 1878 मध्ये आर्ब्वाजवळच्या आपल्या बागेतल्या काही वेलींवर काचघरे उभारून प्रयोग केला होता. 1936 मध्ये फ्रान्सने मूळस्थानाच्या नावांना कायद्याचे संरक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच यादीत आर्ब्वाचे नाव होते.

व्हँ जोन फक्त सावान्यँ या पांढऱ्या द्राक्षापासून होते. वाइन करणारे सगळीकडे ज्या गोष्टीला घाबरतात, ती गोष्ट इथे मुद्दाम करू दिली जाते. ओकच्या पिंपात वाइन भरली, की लाकडातून ती हळूहळू उडून जाते आणि वर पोकळी तयार होते. इतर ठिकाणी ही पोकळी वेळोवेळी भरून काढतात, कारण हवा लागली की वाइन बिघडते. व्हँ जोनसाठी मात्र ती भरायची नाही, असा नियम आहे. मग पिंपातल्या वाइनवर यीस्टचा एक पातळ पापुद्रा धरतो, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा. हा पापुद्रा हवा थेट आत जाऊ देत नाही. तो स्वतः वाइनमधल्या अल्कोहोलवर जगतो आणि बदल्यात तिला नवे वास देतो. अशा अवस्थेत वाइन सहा वर्षे तीन महिने राहते. तोवर मूळ लिटरातले 62 सेंटिलिटर उरतात असा हिशेब धरला जातो. म्हणून व्हँ जोनची बाटलीही 62 सेंटिलिटरचीच असते. रुंद खांद्यांच्या या बसक्या बाटलीला क्लाव्हलँ म्हणतात.

तिचा वास घेतला, की अक्रोड आठवतो आणि त्याच्या मागून मेथीदाणा. हा भास नाही. या वाइनमध्ये सोटोलॉन नावाचे एक संयुग तयार होते आणि मेथीच्या दाण्याला त्याचा खास वास देणारे संयुगही तेच आहे. मेथीचा वास ओळखीचा असलेल्या मराठी नाकाला ही वाइन समजायला म्हणूनच वेळ लागत नाही. ती पूर्ण कोरडी असते. गोडव्याची अपेक्षा ठेवून प्यायलात तर पहिला घोट दचकवेल. तिथे ती कोंते या चीजबरोबर, अक्रोडांबरोबर किंवा तिच्याच रश्शात शिजवलेल्या कोंबडीबरोबर घेतात. फ्रिजच्या गारव्यातून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी, पंधरा अंशांच्या आसपास ती सर्वात छान लागते.

आपल्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे टिकाऊपणा. सहा वर्षे हवेशी झुंजून तयार झालेली ही वाइन बूच काढल्यावरही फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. बंद बाटली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. 2018 मध्ये लों-ल-सोनिए गावच्या लिलावात 1774 सालची व्हँ जोनची एक बाटली 1,03,700 युरोंना विकली गेली. चालू सालची चांगली बाटली मात्र साधारण 35 ते 60 युरोंत मिळते. शातो-शालोंची असेल तर उत्तमच. तिथे काढणीआधी तपासणी समिती बागांत फिरते आणि पीक कमी दर्जाचे वाटले तर त्या वर्षी गावाचे नाव वापरायचेच नाही, असे ठरते. 1974, 1980, 1984 आणि 2001 या वर्षी तसेच झाले. म्हणून ही साले लेबलवर दिसणारच नाहीत.

शेनिनचे मूळ गाव

नाशिकची शेनिन ब्लाँ महाराष्ट्रात वाइन पिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने चाखलेली असते. हलकी, किंचित गोडसर आणि ताजी असतानाच प्यायची. या द्राक्षाचे मूळ गाव पश्चिम फ्रान्समधले ल्वार नदीचे खोरे. तिथे अँजे शहराच्या नैर्ऋत्येला सावेन्येर नावाचे गाव आहे. नदीच्या उत्तर काठावर पाटीच्या दगडासारख्या पापुद्र्यांच्या खडकात इथल्या बागा आहेत, जेमतेम दीडशे हेक्टरांच्या. त्यातच कुले द सेरां ही सात हेक्टरांची बाग आहे, जिला स्वतःचे वेगळे संरक्षित नाव आहे. सिस्टर्शियन साधूंनी ती 1130 मध्ये लावली, तेव्हापासून तिथे वेली आहेत.

सावेन्येरची शेनिन कोरडी, दमदार आणि आंबटपणाला पक्की असते. तरुण असताना ती तोंड उघडत नाही. सात-आठ वर्षांनी तिच्यात मध, सुकवलेले सफरचंद आणि बिही यांचे वास येऊ लागतात. म्हणून दुकानात जुने साल शिल्लक आहे का, हे अवश्य विचारावे. घरी आणल्यावर नाशिकची एक शेनिन आणि ही सावेन्येर शेजारी शेजारी ठेवून प्या. द्राक्ष तेच, पण एकीकडची काढणी जानेवारी ते मार्चच्या कोरड्या उन्हात आणि दुसरीकडची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या धुक्यात. हवामान आणि जमीन वाइनमध्ये काय करतात, हे समजून घ्यायला एवढा धडा पुरतो.

उन्हात मुरलेली गोडी

तिसरी बाटली गोड असावी आणि ती रूसियों प्रांतातली असावी. स्पेनच्या सीमेला टेकलेला हा उन्हाचा आणि वाऱ्याचा मुलूख. इथे रिव्हसाल्त, मोरी आणि बान्युल्स या तीन नावांनी गोड वाइन होते. किण्वन अर्ध्यावर असताना तिच्यात द्राक्षाचे तीव्र स्पिरिट घालतात. यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल पंधरा ते अठरा टक्क्यांच्या दरम्यान स्थिरावते. नंतर काही वाइन पिंपात मुरवतात, तर काही काचेच्या मोठ्या घड्यांत भरून चक्क उघड्यावर ठेवतात. मोरीच्या मास आमिएल या वाडीत अशा घड्यांच्या रांगा दिवसा ऊन आणि रात्री गारवा खात वर्षभर उभ्या असतात.

ऊन आणि हवा यांना सरावलेली ही वाइन प्रवासाला आणि आपल्या उन्हाळ्याला इतर कोणत्याही वाइनपेक्षा कमी घाबरते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये महिनाभर सहज चालते. लेबलवर आंब्रे लिहिलेले असेल तर ती पांढऱ्या द्राक्षांची, सोनेरी-तपकिरी. त्युइले असेल तर ती काळ्या ग्रनाशची, विटकरी झाक असलेली. ऑर दाज असेल तर निदान पाच वर्षे मुरलेली. अंजीर, सुका जर्दाळू, अक्रोड, कॉफी असे तिचे वास असतात. काळ्या चॉकलेटबरोबर तर ती उत्तम लागतेच, पण गुळाच्या पोळीबरोबरही मला ती तितकीच आवडते.

फ्रान्समध्ये गेल्या काही दशकांत गोड वाइनची मागणी घटली. त्यामुळे उत्पादकांच्या तळघरांत जुनी वाइन पडून राहिली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सालची रिव्हसाल्त आजही मिळते आणि तेवढ्याच वयाच्या बोर्दोच्या तुलनेत ती फारच स्वस्त पडते. कुणाच्या पन्नाशीला त्याच्या जन्मसालची वाइन भेट द्यायची असेल तर याहून खात्रीचा मार्ग नाही.

या तिन्ही बाटल्या एकत्र मांडून पाहा. सावेन्येरची बाटली 75 सेंटिलिटर, व्हँ जोनची 62 आणि रिव्हसाल्तची लहान बाटली 50. बेरीज 187, म्हणजे दोन लिटरांच्या आत. गोड वाइन नको असेल तर एक नेहमीची बाटली आणि दोन क्लाव्हलँ मिळून 199 सेंटिलिटर होतात.

वाटेत भेटणारी आणखी काही

सहलीचा मार्ग प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून इतर काही नावे लक्षात ठेवावीत. नीसला जाणार असाल तर बेले मागा. नीस शहराच्या हद्दीतच, मागच्या टेकड्यांवर या बागा आहेत. त्या सगळ्या मिळून शंभर हेक्टरही भरत नाहीत आणि फोल नुआर, ब्राके ही तिथली काळी द्राक्षे इतरत्र सहसा दिसत नाहीत. बास्क प्रदेशात गेलात तर पिरेनीजच्या उतारावर पायऱ्या खोदून लावलेल्या इरुलेगीच्या बागा पाहा आणि तिथली तान्ना द्राक्षाची कडक तांबडी वाइन घ्या. शँपेनच्या दक्षिण टोकाला ले रिसे गावात पिनो नुआरची बुडबुडे नसलेली गुलाबी वाइन होते आणि तीही पीक चांगले आलेल्या वर्षीच.

कुठे घ्यावी, काय पाहावे

सुपरमार्केट टाळा. फ्रान्सच्या प्रत्येक बऱ्यापैकी गावात कॅव्हिस्त असतो, म्हणजे फक्त वाइन विकणारा, आपल्या भागाची खडान्‌खडा माहिती असलेला दुकानदार. त्याला प्रसिद्ध नाव विचारू नका. ‘इथली अशी कोणती वाइन आहे, जी पॅरिसला मिळत नाही?’ असे विचारा. किती पैसे खर्चायचे आहेत आणि बाटली लगेच उघडणार की ठेवणार, हेही सांगा. चार दिवस हातात असतील तर थेट उत्पादकाकडे जा. मात्र आधी फोन करून जा, दुपारी बारा ते दोन कुणालाही त्रास देऊ नका आणि काढणीच्या दिवसांत फार वेळ मागू नका. चव देताना समोर थुंकदाणी ठेवतात, तिचा वापर करणे हा तिथला रिवाज आहे. अर्धा तास खर्चून कुणी पाच वाइन चाखवल्या तर निदान एक बाटली घेणे हे सौजन्याचे.

बाटली हातात घेतली, की आधी तिच्या डोक्यावरची टोपी पाहा. फ्रान्समध्ये विकायच्या अनेक बाटल्यांच्या टोपीवर मारियानचे, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाच्या प्रतीक-स्त्रीचे, छोटे चित्र असते. उत्पादन शुल्क भरल्याची ही खूण. तिच्याजवळ बारीक अक्षर दिसते. ते आर असेल तर द्राक्षे पिकवणाऱ्यानेच ती वाइन केली आणि भरली. एन असेल तर ती व्यापाऱ्याकडून आलेली. निर्यातीच्या बाटल्यांवर ही खूण सहसा नसते, त्यामुळे मारियानची टोपी असलेली बाटली भारतातल्या दुकानात क्वचितच दिसेल. शँपेनच्या लेबलवर तळाशी असाच बारीक संकेत असतो. आर.एम. म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची शँपेन करणारा शेतकरी, एन.एम. म्हणजे इतरांची द्राक्षे विकत घेणारी कंपनी. बाटलीच्या गळ्यावर खांद्यावर पिंप वाहणाऱ्या माणसाचे चित्र असेल तर ते स्वतंत्र उत्पादकांच्या संघटनेचे.

एक पथ्य मात्र पाळा. गंधकाचे संरक्षण न घातलेल्या नैसर्गिक वाइनची सध्या फ्रान्समध्ये मोठी चलती आहे. त्यातल्या काही सुंदर असतात, पण उष्णतेत त्या पुन्हा आंबू लागतात किंवा बिघडतात. त्या तिथेच प्याव्यात, बॅगेत घालू नयेत.

घरी सुखरूप

भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते. तीन बाटल्या म्हणजे सामानातले साधारण चार किलो आधीच बाजूला काढावे लागतात. केबिन बॅगेत शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही, म्हणून त्या चेक-इन बॅगेतच जाणार. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, जाड कपड्यात गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. बाटली बाटलीला किंवा बॅगेच्या कडेला टेकता कामा नये. हवा भरून फुगवायच्या तयार पिशव्या मिळतात, पण बसकी क्लाव्हलँ त्यात नीट बसतेच असे नाही. उन्हाळ्यात भाड्याच्या गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून दिवसभर फिरू नका. विमानप्रवासापेक्षा ती बंद डिकीच वाइनचे जास्त नुकसान करते.

एकाच दुकानात शंभर युरोंहून अधिक खरेदी झाली, तर युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशाला कराचा बराचसा भाग परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून कागद मागायचा आणि विमानतळावर सामान सोपवण्याआधी पाब्लो नावाच्या यंत्रावर तो तपासून घ्यायचा. छोटा उत्पादक ही सोय देईलच असे नाही. भारतात उतरल्यावर दोन लिटरांच्या वर काही असेल तर लाल मार्गाने जाऊन सांगावे. बिले हाताशी ठेवावीत. नवरा-बायको दोघे असतील तर सवलतही दोघांची. महाराष्ट्रात मद्य बाळगण्या-पिण्यासाठी लागणारा परवानाही काढून ठेवावा.

घरी आल्यावर बाटल्यांना दोन आठवडे विसावा द्या. पुण्या-नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात कपाटातली वाइन काही आठवड्यांत उकडून निघते. वेगळा वाइन-फ्रिज नसेल तर घरच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा वापरा आणि वर्षभरात बाटली संपवा. थंडीचे दिवस त्यासाठी उत्तम.

एका द्राक्षाचे वाचणे

एवढी यातायात कशासाठी, असे कुणी विचारले तर मी ऱ्होन नदीकाठच्या काँद्रिय गावाचे उदाहरण देतो. तिथे विऑन्ये नावाचे पांढरे द्राक्ष चढ्या कातळी उतारावर होते. काम कष्टाचे, उत्पन्न तुटपुंजे. तरुण कारखान्यांत गेले आणि 1960 च्या दशकात त्या गावाच्या नावाच्या बागा दहा-पंधरा हेक्टरांवर आल्या. जॉर्ज व्हेर्ने यांच्यासारख्या मोजक्या शेतकऱ्यांनी हट्टाने वेली उपटल्या नाहीत, पडक्या पायऱ्या पुन्हा बांधल्या आणि जवळच्या शहरांतले गिऱ्हाईक त्यांच्या दारी येऊन ती वाइन घेत राहिले. आज काँद्रियमध्ये दोनशे हेक्टरांच्या आसपास विऑन्ये आहे. तिथून ते कॅलिफोर्नियात गेले, ऑस्ट्रेलियात गेले आणि नाशिकच्या दिंडोरी भागातही लावले गेले. दिंडोरीची विऑन्ये आता आपल्याकडच्या दुकानांत मिळते. दूरच्या लहान उत्पादकाच्या दारात जाऊन त्याची बाटली रोख पैसे देऊन घेणारा प्रत्येक माणूस अशा द्राक्षाच्या टिकण्याला हातभार लावतो.